अकरा गावांचं गचकरण

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी बावीस वर्षांचा होतो, वजन दोन मण पाच शेर होतं आणि मला गचकरण झालं होतं. पहिल्या दोन गोष्टी मी तेव्हा कुणी न विचारता सांगायचो. तिसरी सांगायला एवढी वर्षं लागली.

शिकलेली माणसं त्याला गजकर्ण म्हणतात. मी चौथीला दोन वर्षं बसलो आणि दोन्ही वर्षं पडलो, तरी माझं गचकरण कुठल्या शिकलेल्याच्या गजकर्णापेक्षा कमी नव्हतं. आदल्या साली चैत्रात उजव्या जांघेत चवलीएवढं उगवलं, आषाढात रुपयाएवढं झालं आणि दिवाळीपर्यंत भाकरीएवढं. त्याची एक खोड असते. ते कडेकडेनं पसरतं. कडा लाल, उठलेली, खाजरी. आणि मधली कातडी साफ, जसं काही तिथं कधी काही झालंच नव्हतं. ही खोड ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

उपाय सगळे केले. टाकळ्याचा पाला वाटून लावला, रुईचा चीक लावला. एकानं सांगितलं, रॉकेल लाव. रॉकेल लावल्यावर मी तालमीपासून ओढ्यापर्यंत जो पळालो, तसं मला आखाड्यात कुठल्या गड्यानं कधी पळवलं नाही. मारुतीला शेंदूर वाहिला. मारुती बारा महिने लंगोटावर, त्याला तरी माझं दुःख कळायला हवं होतं. नाही कळलं.

आमचं गाव भोसरी आणि चऱ्होलीच्या मध्ये, इंद्रायणीच्या अलीकडं. नाव लिहीत नाही. आता तिथं वर्कशॉपं आणि बिल्डिंगा झाल्यात, पण जुनी घरं अजून आहेत आणि त्या घरांतली माणसं अजून भांडायला येतात. तेव्हा सत्तर घरं होती, एक चावडी होती आणि एक तालीम. तालमीत मातीचा हौद, म्हणजे गुडघाभर खोल चौकोनी खड्डा, तांबड्या मातीनं भरलेला. त्या मातीवर राज्य आमच्या वस्तादांचं.

वस्ताद मुसलमान. मोहरमात ताबूत तालमीतच बसायचा आणि नागपंचमीला हौदाची पूजा वस्तादच करायचे. ह्यात कुणाला काही वाटायचं नाही. कुणाला वाटलंच तर वस्तादांचा पंजा बघून तो गप बसायचा. बायको वारल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "माती हाय की." पीठ चाळावं तशी ती माती ते चाळायचे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचे. सत्तावीस वर्षं. घरात एवढं तेल-हळद घातलं असतं तर म्हातारा जाड झाला असता.

ह्या मातीला आसपास मान होता. कुठल्या गावानं नवीन हौद खणला, की त्यांची चार माणसं हलगी वाजवत आमच्याकडं यायची आणि पाटीभर माती मागून न्यायची. दुधाला विरजण लावावं तशी ती नव्या मातीत कालवायची. आणि ज्या गावांनी माती नेली, ती गावं जत्रेला आमच्या तालमीच्या गड्याला बोलवायची. तो गडी म्हणजे मी.

छप्पन्नच्या चैत्र-वैशाखात मी अकरा गावच्या जत्रांत खेळलो आणि अकराही ठिकाणी समोरच्याची पाठ मातीला लावली. भोसरी, दिघी, चऱ्होली, मोशी, चिखली, तळवडे... सगळी म्हणत बसत नाही. अकरा. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं मला येऊन भेटावं. मी अजून काठीशिवाय उभा राहतो.

पण गावात मी बारा सांगायचो. बारावी चाकणची.

चाकणचं असं झालं. वैशाखातलं ऊन, मी एकटाच पायी निघालेलो, अंगाला घाम, आणि जांघेत ती चवली चालून चालून पेटलेली. मोशीला नदीवर पोचलो तोवर पाऊल टाकवेना. म्हटलं, जरा ओलं करू. डोहात शिरलो, कमरेएवढ्या पाण्यात बसलो, आणि काय सांगू! कीर्तनात ज्याचं एवढं वर्णन करतात ते हेच असणार. उठवेचना. तिकडं चाकणला फेटेवाले जमले असतील, हलग्या कडाडत असतील, आणि त्यांचा पैलवान मोशीच्या डोहात म्हशींच्या रांगेत बसलेला. म्हशी निघाल्या तेव्हा मीही निघालो. त्या त्यांच्या घरी गेल्या, मी माझ्या.

वेशीत तालमीतले गडी उभे होते. "काय झालं रं?" मी सांगणार होतो की तब्येत बिघडली. तोंडातून निघालं, "मारली. ढाकेच्या डावावर. खेडच्या अंगाचा गडी व्हता, अर्धा तास झुंजला." त्यांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसलेल्या माणसाला खरं बोलणं फार अवघड जातं, बसून बघा. चाकणची बातमी आमच्याकडं पायी यायची, आणि आली तरी आमचं गाव चाकणवर विश्वास ठेवायचं नाही. बारा ते बारा राहिले.

सत्तावन्नच्या फाल्गुनात पुण्याहून एक डॉक्टर आला. पुरता झालेला नव्हता, होऊ घातलेला होता. पण गळ्यात नळी होती म्हणून आम्ही साहेब म्हणायचो. पोरगेला, चष्मा, सायकलीला मागं नकाशाची गुंडाळी आणि खिशात लाल शाईची दौत. हा कातडीचा रोग कुठल्या कुठल्या गावात आहे त्याचा नकाशा करायचा, हे त्याचं काम. रोगी सापडला की नकाशावर एक लाल ठिपका, आणि रोग्याला मलमाची एक डबी. चाकणपासून सुरुवात करून तो खाली उतरत आला होता.

चावडीवर त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. "ही एक बुरशी असते. शिळ्या भाकरीवर येते ना, त्या जातीची. ती माणसाच्या कातडीवर उगवते."

"म्हंजी आमी शिळी भाकर व्हय?" एक म्हातारा म्हणाला.

"तसं नाही, आजोबा."

"मंग कसं? पिंपरीला सरकारनं कारखाना काढलाय, तितं म्हनं बुरशी पाळत्यात. औषध करत्यात तिचं."

"ती बुरशी वेगळी."

"म्हंजी सरकारची ती औषध, आन आमची तो रोग. बरोबर हाय. चालू द्या."

पाटलांनी घसा साफ केला. पाटील म्हणजे गावचा मुलकी कारभार बघणारा माणूस. आमचे पाटील कारभार कमी आणि गावाचा मान जास्त बघायचे. "साहेब, आमच्या गावात ह्यो रोग कुणालाच न्हाई. पल्याडच्या गावांत मातर लय हाय."

डॉक्टर हसला. "मी आतापर्यंत जिथं जिथं गेलो तिथं हेच ऐकलं. प्रत्येक ठिकाणी पल्याड."

"मंग जोडीला मानूस देतो. ह्ये आमचं पैलवान. आजूबाजूची समदी तालमीची पोरं ह्याच्या वळखीची."

अशी माझी नेमणूक झाली. सायकल मी मारायचो, डॉक्टर मागं नकाशा मांडीवर घेऊन बसायचा. खड्डा आला की दौतीला हात लावायचा. आम्ही कुठल्याही गावात गेलो की आधी तेच. आमच्यात न्हाई, पल्याड हाय. चऱ्होलीला तर त्यांच्या पैलवानानं शड्डूच ठोकला. "बघा, हाय का कुटं काय?"

मी म्हटलं, "साहेब, डावी मांडी. आतल्या अंगानं."

"तुला रं काय म्हाईत?"

"गेल्या साली तितंच धरला व्हता तुला."

सगळी तालीम हसली. डॉक्टरनं बघितलं, होतं. ठिपका पडला. चऱ्होलीचा गडी मलमाची डबी घेताना माझ्याकडं असा बघत होता की आज त्याला परत माझ्याशी कुस्ती हवी होती, आणि मातीतली नव्हे.

सगळीकडं हेच. भोसरीच्या गड्याची काख, दिघीच्या गड्याचा कमरेचा घेर, चिखलीच्याचं मानगूट. मी बोट दाखवायचं आणि डॉक्टरनं शाईत टाक बुडवायचा. माझं एकदाही चुकलं नाही. दुसऱ्याचं गचकरण उघडं करण्यात जी मजा आहे ती स्वतःचं खाजवण्यातही नाही. आणि स्वतःचं खाजवण्यात काय मजा आहे, ते ज्याला झालंय त्याला विचारा. मी डॉक्टरची पाठ फिरली की ती मजाही घेत होतो. मलमाच्या डब्या डोळ्यांदेखत वाटल्या जात होत्या आणि मला एक मागता येत नव्हती, कारण आमच्या गावात तो रोग नव्हता. पाटलांनी सांगितलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी आम्ही आमच्या तालमीच्या ओट्यावर बसलो. आत कुणी नव्हतं. आमची जत्रा बारा दिवसांवर आली होती आणि त्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती माझी होती. डॉक्टरनं नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग त्यावर वाकून बसला.

"पैलवान, हे कशासारखं दिसतंय?"

मी बघितलं. लाल ठिपक्यांचं गोल कडं. भोसरी, दिघी, चऱ्होली, मोशी, सगळी कडेला. आणि मध्ये पांढरं, साफ, आमचं गाव. मला काय सांगायला हवं? तसलंच मी वर्षभर रोज सकाळी बघत होतो.

"ह्या सगळ्यांना कुठं कुठं आहे, ते तुम्हाला न बघता कसं माहीत?" त्यानं विचारलं.

"धरलंय त्यास्नी."

"सगळ्यांना?"

"समद्यांना!" मी छाती काढली. मूर्ख माणसाला छाती काढायला वेळ लागत नाही. "अकराच्या अकरा. गेल्या सालच्या जत्रांत."

"सांगा बरं गावं."

मी एकेक नाव घेतलं आणि तो एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेला. माझी नावं संपली तेव्हा त्याचे ठिपकेही संपले. त्यानं चष्मा वर केला.

"लंगोट सोडा."

"आँ?"

"सोडा, पैलवान. आपण दोघंच आहोत."

सोडला. त्यानं वाकून बघितलं आणि बारीक शीळ घातली. "नकाशावरच्या सगळ्यांचे आजोबा इथं बसलेत की! अहो, तुम्ही जिथं जिथं जिंकलात तिथं तिथं हे देऊन आलात."

माझ्या डोळ्यांपुढं आमची जत्रा आली. मी आखाड्यात उतरलोय, शड्डू ठोकतोय आणि समोरचा हात द्यायलाच तयार नाही. गावंच्या गावं तोंडाला फेट्याचा शेव लावून हसतायत. माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो. माझ्या हाताला चाकण लागलं.

"आन चाकण?" मी म्हणालो. "चाकणलाबी मी खेळलोय. तितं हाय का कुणाला?"

त्यानं नकाशावरून मान वर केली. "चाकणला तुम्ही खेळलात?"

"खेळलो म्हंजी? मारला. अर्धा तास अंगाला अंग व्हतं."

"चाकणची तालीम मी स्वतः तपासली. एकेक गडी. तिथं कुणालाही नाही." त्यानं चष्मा काढून पुसला. मोठा प्रामाणिक माणूस. आपलं म्हणणं मोडलं तर मोडलं म्हणणारा. "अर्धा तास धरून जर एकालाही लागलं नाही, तर मग तुमच्याकडून पसरलेलं नाही. तुम्हालाही ह्यांच्यासारखंच कुठूनतरी लागलंय."

मी लंगोट बांधला. गाठ मारताना हात हलके झाले होते.

"पण मग काय?" तो स्वतःशीच बोलला आणि दारातून आत हौदाकडं बघितलं. "तुमच्या गावातून ह्या अकरा गावांत अजून काय गेलं?"

त्याला कुणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं. मीच सांगितलं.

"माती."

"आणि चाकणला गेली होती?"

"चाकणची तालीम आमच्याहून जुनी. ते कशाला नेतील?"

त्यानं वहीत लिहिलं. मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं की मी काय केलं.

कळलं ते संध्याकाळी चावडीवर. डॉक्टर म्हणाला, रोग मातीत आहे. हौद उपसावा लागेल, चुना टाकावा लागेल, आणि ह्या मातीचं विरजण जिथं जिथं गेलं त्या सगळ्या गावांनाही तेच सांगावं लागेल. पाटील खूश. "म्हंजी मानसं चांगली, माती वंगाळ. मी सांगतच व्हतो." त्यांचं बरोबर होतं. मातीला भाऊबंद नसतात, मातीला मत नसतं, आणि माती कुणाच्या दारात येऊन शिव्या देत नाही. उद्या सकाळी दोन बैलगाड्या जुंपायच्या आणि माती ओढ्याला नेऊन टाकायची असं ठरलं.

वस्ताद कोपऱ्यात बसले होते. डॉक्टर त्यांच्याकडं वळला. "वस्ताद, तुम्ही रोज मातीत असता. सदरा काढून एकदा तपासू देता का?"

"माझ्या मातीचा निकाल माझं कातडं बघून लावनार?" वस्ताद म्हणाले. "न्हाई. उपसायची तर उपसा."

आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. सहा वर्षांपूर्वी पोरांना डाव दाखवताना त्यांचा गुडघा गेला होता. तेव्हापासून ते कुणाला धरायचे नाहीत, नुसते हौदात बसून शिकवायचे.

दिवेलागणीला मी तालमीत गेलो. का गेलो ते विचारू नका. वस्ताद हौदात बसून माती चाळत होते.

"वस्ताद, उद्या टाकायची ती माती चाळताय?"

"टाकायची म्हनून खडे ठिवू?"

मी उभा राहिलो. दाराच्या चौकटीला धरून.

"उद्या खोरं घिऊन ये," ते म्हणाले. "पयला हात तुझा. मोठा गडी हाईस तालमीचा."

"व्हय."

"चाकणहून आलास त्या दिवशी मी ह्याच येळंला दिवा लावत व्हतो. तुझं कान बघितलं."

"कान?"

"कुस्ती खेळून आल्याल्या गड्याच्या कानात माती असती. न्हाऊ दे, धू दे, तीन दिस निघत न्हाई. तुझं कान घासल्याल्या तांब्यावानी व्हतं." त्यांनी चाळणीतले खडे बाजूला फेकले. "आन अंगाला म्हशीचा वास येत व्हता."

 मी विचारलं, "मंग तवाच का बोलला न्हाईत?"

"अकरा खऱ्या व्हत्या. एक खोटी. म्हटलं असूं दे." मग मान वर करून हसले, असं हसू की त्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी. "तुला लयच वाईट वाटत असंल तर आत्ता निघ. चाकणला जा, एकाला धर, ठिपका पाड. म्हंजी तुझं समदं खरं."

आता एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहितो. अर्धी घटका मी त्याचा विचार केला. वाट सरळ होती आणि गडी कुणीही चालला असता.

पण दाराच्या चौकटीला धरून उभा असताना मला दुसरंच काही दिसलं. सहा वर्षं ह्या माणसाच्या अंगाला दुसऱ्या माणसाचं अंग लागलेलं नाही. नुसती माती लागलीय. त्यानं सदरा काढला असता आणि कातडी साफ निघाली असती, तर माती सुटली असती. आणि माती सुटली की बोट फिरून कुणाकडं आलं असतं, हे त्या चावडीवर एकट्या वस्तादांना ठाऊक होतं. म्हणून सदरा काढला नाही. सत्तावीस वर्षांची माती माझ्या एका खोट्या कुस्तीवर घालून म्हातारा चावडीवरून परत आला होता, आणि वर ती चाळत बसला होता.

मी तसाच घरी गेलो. आमच्या घराण्यात चूक कबूल करायची पद्धत नव्हती. माझ्या बापानं चुकीच्या जागी विहीर खणायला घेतली आणि पाणी लागत नाही म्हणून तीन वर्षं तिथंच खणत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोन गाड्या तालमीपुढं उभ्या. सगळं गाव जमलेलं. जत्रेला जमत नाही एवढं. पाटील नवा फेटा बांधून आलेले. डॉक्टर वही घेऊन, वस्ताद भिंतीला टेकून.

"पयला हात पैलवानाचा!" पाटील म्हणाले.

मी खोरं घेऊन हौदात उतरलो. रात्रीतून चाळलेली माती, पाय घोट्यापर्यंत आत गेले. खोरं उचललं आणि मातीत उभं रोवलं.

"साहेब, चाकण खोडा."

"काय?"

"खोडा म्हनतो ना. मी चाकणला गेल्यालोच न्हाई. त्या दिवशी मोशीच्या डोहात बसलो व्हतो."

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी विचारलं, "कुनाबरोबर, पैलवान?"

"म्हशींबरोबर."

हसू फुटलं ते थांबेना. बैल दचकले. मी उभा राहिलो. हसायचं तेवढं हसू दिलं, पण खाली बघितलं नाही. मग ओरडलो, "पर अकरा खऱ्या हायेत! त्यातली एकबी खोडायची न्हाई!"

डॉक्टर म्हणाला, "त्या तुम्ही सांगितलंत तरी खोडता येणार नाहीत, पैलवान. लाल शाईत आहेत." मग वहीत बघून डोकं खाजवलं. "पण आता तुम्ही आणि माती, दोघंही उरता. दोघांपैकी कोण?"

मी वस्तादांकडं वळलो. जन्मात त्यांना कधी हुकूम केला नव्हता. "वस्ताद, सदरा काढा."

त्यांनी डोळे वटारले.

"काढा, वस्ताद. माझं कान तुमी बघितलं. आता ह्यास्नी तुमचं अंग बघू द्या."

म्हाताऱ्यानं सावकाश सदरा काढला, खुंटीला अडकवला. डॉक्टर भिंग घेऊन त्यांच्याभोवती फिरला. काखा बघितल्या, पाठ बघितली, धोतराची कड खाली करून कंबर बघितली. सत्तर वर्षांची कातडी, पण पितळी घागरीसारखी. कुठं एक डाग नाही.

"सहा वर्षं रोज ह्या मातीत?" त्यानं विचारलं.

"रोज."

"आणि गुडघा गेल्यापासून कुणाला धरलं नाही?"

"न्हाई."

डॉक्टरनं भिंग खिशात टाकलं. "मातीचा काही दोष नाही. ह्या पैलवानांचाच प्रसाद आहे."

"मंग गाड्या कशाला जुपल्या?" पाटील म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

डॉक्टरनं ओट्यावर नकाशा उघडला आणि मधल्या पांढऱ्या जागेवर एक ठिपका टेकवला. मग मान वर करून तालमीतल्या गड्यांकडं बघितलं. "एकच?" आमच्या तालमीत लंगोट सात होते, एका खुंटीला, ज्याच्या हाताला जो लागेल त्याचा तो. आधी एक हात वर झाला, मग तीन, मग सगळे. अगदी शेवटी पाटील डॉक्टरच्या कानाशी लागले आणि हळूच काहीतरी बोलले. डॉक्टरनं चेहऱ्यावरची रेषही न हलवता आणखी एक ठिपका दिला.

मला मलमाच्या दोन डब्या मिळाल्या. तीन आठवडे कुणाला धरायचं नाही, असं बजावलं. जत्रा अकरा दिवसांवर होती. ह्यावर मी जास्त लिहिणार नाही.

वस्ताद लंगडत हौदात आले, मूठभर माती उचलली, कुस्करली, आणि त्याच बोटांनी सगळ्या गावादेखत माझा कान धरून असा पिळला की डोळ्यांत पाणी आलं. 

डॉक्टर म्हणाला होता, लंगोट उकळा. मी खुंटीवरचे सातही लंगोट काढले, तालमीमागं तीन दगडांची चूल मांडली, तांब्याच्या हंड्यात पाणी चढवलं आणि लाकडानं ढवळत बसलो. गाव अजून पांगलं नव्हतं.

"पैलवान, मीठ घातलं का?" कुणीतरी ओरडलं.

"उकळी आली की वाढायला बोलीवतो," मी म्हटलं आणि ढवळत राहिलो. पिळलेला कान ठणकत होता आणि त्यात माती होती. ती मी धुतली नाही.